सात नंबरचं कापड

सात. लाल दोऱ्याचा सात, डावीकडे कललेला, शेपटी नको तितकी लांब — बायकोच्या हातचा असता तर असा लंगडा झाला नसता — आणि त्याच्याभोवती तळहाताएवढं चौकोनी कापड, चिखलाने माखलेलं, गार, आणि चारही कोपऱ्यांनी शाबूत. त्याने ते दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणून पाहिलं. फाटलं नाही. कडा उसवल्या नव्हत्या, मध्ये भोक नव्हतं, साठ दिवस वीतभर खोल जमिनीत राहूनही कापड जसं ठेवलं होतं तसं वर आलं होतं, आणि ते तसं आलेलं पाहून त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं, बऱ्याच दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला... बरं वाटलं. का बरं वाटलं ते कळायच्या आत त्याने मान वर केली, आणि समोर ताईंचा चेहरा होता.

ताईंना बरं वाटलेलं नव्हतं.

त्या फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. बांधावर कापडं ओळीने मांडली होती. एक ते चार त्यांच्या दिरांच्या अर्ध्या शेतातली, पाच, सहा आणि आता हे सात ताईंच्या अर्ध्यातलं. सगळी चिखलाने सारखीच काळी, सगळी अख्खी. आठवं अजून जमिनीत होतं. ते काढायची ताईंना घाई दिसत नव्हती.

हे काम त्याचं. सुती कापडाचे तुकडे मातीत पुरायचे, साठ दिवसांनी काढायचे आणि किती उरलं ते बघायचं. जिवंत माती सूत खाते. तिच्यातली बुरशी, जंतू, डोळ्यांना न दिसणारी सगळी फौज दोन महिन्यांत कापडाची चाळण करते. मेलेल्या मातीत कापड नुसतं पडून राहतं. प्रयोगशाळेचा कागद दाखवला तर शेतकरी तो घडी करून खिशात ठेवतात आणि कपडे धुताना तो भिजून जातो, पण स्वतःच्या फावड्याने काढलेलं कापड ते विसरत नाहीत. म्हणून तो प्रत्येक बांधावर तेच एक वाक्य म्हणायचा — कापड खोटं बोलत नाही. बारा वर्षं म्हणत होता. त्याआधी एकोणीस वर्षं तो खताच्या दुकानाच्या वतीने याच शेतांतून फिरला होता, याच लोकांना गोण्या उतरवून दिल्या होत्या. तेव्हा त्याला गोणीवाले म्हणत, आता मातीवाले म्हणत. माणूस तोच. ताईंचे दीर एकदा हसत म्हणाले होते, मातीवाले, तुमचं बरं आहे, दुखणंही तुम्हीच दिलंत आणि औषधही तुमच्याचकडे. तोही हसला होता. घरी जाऊन तिला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खोकला आला... तेव्हा तो साधाच खोकला होता. किंवा नव्हताही. कोण सांगणार.

ताईंचा नवरा लांब कारखान्यात नोकरीला, वर्षातून दोनदा घरी येणारा. जमीन दोघा भावांची सामाईक. कष्ट दिरांचे आणि ताईंचे. तीन वर्षांपूर्वी ताईंनी त्याचं ऐकून आपल्या अर्ध्यात रासायनिक खत बंद केलं. पहिल्या वर्षी कोबीचे गड्डे मुठीएवढे झाले. दिरांनी आपल्या शेतातला एक चांगला गड्डा आणून वहिनीच्या ओट्यावर ठेवला आणि ते गेले. ताईंनी तो तीन दिवस चिरला नाही. दुसऱ्या वर्षी गड्डे जरा बरे झाले, पण जरासेच, आणि मग घरात रोजची धुसफुस सुरू झाली, तेव्हा तिघं बसले आणि तोडगा त्यानेच काढला. कापडावर सोडा, तो म्हणाला. तिसऱ्या वर्षी ताईंच्या मातीत कापड कुजलं, तर त्यांचं अर्धं त्यांच्या पद्धतीने राहील. नाही कुजलं, तर सगळी जमीन पुन्हा दिरांच्या हाती, पुन्हा गोण्या, आणि पुढे वाद नाही. दोघांनीही मान्य केलं. पहिल्या वर्षी ताईंच्या कापडाला चार-दोन भोकं पडली होती. दुसऱ्या वर्षी अर्धं कापड गेलं होतं. या वर्षी नुसता लाल आकडा हाती यायला हवा होता. आकडा नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेला असतो, तो कुजत नाही. ती युक्ती तिची. सगळं गेलं तरी नंबर राहिला पाहिजे, ती म्हणायची, नाहीतर कोण गेलं ते कसं कळणार?

आठवं निघालं. अख्खं.

दीर आतापर्यंत लांब, पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. ते हळूहळू चालत आले, चपला काढून बांधावर बसले, आठही कापडांवरून नजर फिरवली. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"बोला मातीवाले," ते म्हणाले. "कापड काय म्हणतं?"

आणि त्याच्या तोंडून ते गेलं. बारा वर्षांची सवय, दुसरं काय.

"कापड खोटं बोलत नाही."

दीर उठले. अंगरख्याची माती झटकत, वहिनीकडे न बघता, अगदी मऊ आवाजात म्हणाले की ठरलं होतं तसं, वहिनी. उद्या सकाळी गोण्यांची गाडी सांगितली आहे त्यांनी, साडेसहाला येईल, आधी खालच्या बाजूने टाकायला घेऊ. म्हणजे गाडी आधीच सांगून ठेवली होती, किंवा दोन्ही शक्यता धरून ठेवल्या होत्या. शेतकरी माणूस, त्याचं काय चुकलं? ते गेले. ताई तिथेच उभ्या. मग त्या खाली वाकल्या, सातव्या खड्ड्याच्या तळातून मूठभर माती घेतली आणि ती त्याच्या नाकासमोर धरली.

"काका, मग हा वास कसला?"

माती मोकळी होती, रव्यासारखी, काळी, तिच्यात पांढऱ्या बुरशीचे बारीक दोरे आणि एका मूठभर जागेत दोन-दोन गांडुळं. वास... तो वास त्याला झोपेतही ओळखता आला असता. जंगलातल्या पालापाचोळ्याखाली असतो तो, गोडसर, दमट, दार उघडं असलेल्या घरासारखा. मेलेल्या मातीला वास नसतो. हे त्यानेच ताईंना शिकवलं होतं, याच बांधावर, तीन वर्षांपूर्वी. तो मातीकडे बघत राहिला. बघतो, म्हणाला. ऑफिसात जाऊन बघतो. आणि आठही कापडं पिशवीत कोंबून, निरोपही नीट न घेता, गाडीकडे चालू लागला. मागे ताई अजून हात तसाच पुढे धरून उभ्या असतील असं त्याला वाटलं. वळून पाहिलं नाही.

उत्पादक संघाचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, कागदांचं कपाट, आणि खिडकीत कोणीतरी ठेवून विसरलेली बियांची बरणी. दुपारी तिथे कोणी नसतं. त्याने तक्ता काढला. शेताचा क्रमांक, पुरल्याची तारीख, काढल्याची तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, उरलेले टक्के. तारखा भरल्या. 'आधीचं वजन' या रकान्यापाशी पेन थांबलं. आठही चौकटी रिकाम्या. वजन केलंच नव्हतं या वेळी. दर वर्षी ती करायची, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, साखर मोजायच्या वाटीत तुकडा घडी करून ठेवून, आणि आकडा मोठ्याने सांगायची, तो लिहून घ्यायचा. या वर्षी तो एकटाच टेबलाशी बसला, कापले, शिवले, पिशवीत भरले. काट्याकडे हात गेला नाही. आणखी एका गोष्टीकडे गेला नाही...

पण ते नको. तो हात धुवायला उठला.

बेसिनमध्ये पाणी काळं होऊन गेलं. नखांखाली माती राहिली, ती राहतेच, आयुष्यभर राहिली. लग्न ठरवताना तिच्या आईने म्हणे विचारलं होतं, मुलगा पंप दुरुस्त करतो का? उजव्या अंगठ्याच्या नखाखाली जरा जास्त. अंगठ्याने तो माती दाबून बघतो. ओली माती अंगठा आणि तर्जनीत दाबत पुढे सरकवायची, पट्टी निघते. पट्टी जितकी लांब निघून तुटेल तितकी माती चिकण. हे तो कुठेही करतो. बांधावर, रस्त्याच्या कडेला, दुसऱ्याच्या अंगणात. त्या दिवशीही केलं.

आठ महिने झाले. लोक उभे होते, पाऊस नुकताच थांबलेला, तिला खाली सोडलं होतं, आणि एकेक जण पुढे होऊन मूठभर माती टाकत होता. त्याने मूठ घेतली. सगळे वाट बघत होते, त्यांना वाटलं हा माणूस कोसळतोय, आणि माझा अंगठा आपोआप चालायला लागला होता. पट्टी निघत होती, एक इंच, दोन, अडीच, तुटतच नव्हती, आणि मी मनात म्हणालो — भारी माती. चिकण. हवा नाही. इथे वेळ लागेल. मी तेवढंच म्हणालो. आणि बरं वाटलं. सगळ्या लोकांमध्ये, तिच्या उघड्या खड्ड्याच्या काठावर, मला बरं वाटलं की इथली माती वाईट आहे.

मुलीने ते पाहिलं. तिने जवळ येऊन त्याचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, बाबा, टाका ती. त्याने टाकली. मग तिने स्वतःच्या रुमालाने त्याची बोटं पुसली, एकेक करून, लहान मुलाची पुसतात तशी. त्यावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

टॉवेल ओला होता. त्याने हात विजारीला पुसले. टेबलावरचा फोन वाजत होता, मुलगीच. रविवारी येते म्हणाली, या वेळी आईचं कपाट रिकामं करूया, तुम्ही नुसतं बसा, मी करते. जेवलात का? काय जेवलात? खोटं सांगू नका. तो म्हणाला जेवलो. आणि बाबा, ती खालच्या खणातली पिशवी, ती चादर, ती आता टाकून द्या. मी आले की तुम्ही देत नाही म्हणून आधीच सांगते. तो हं म्हणाला. नुसतं हं नको, ती म्हणाली. मग तिच्या मागे कोणाचा तरी आवाज आला आणि तिने फोन ठेवला.

ती चादर.

एक ताका होता. पांढऱ्या जाड सुती कापडाचा, न धुतलेला, कांजीचा वास येणारा. तिने चार वर्षांपूर्वी आणला, स्वतः पसंत करून. मोजमाप करायचं असेल तर दर वर्षी कापड तेच हवं, अहो, यंदा एक आणि पुढच्या वर्षी दुसरं असं करून कसं चालेल, हे त्याला सांगावं लागलं नाही, तिनेच त्याला सांगितलं. अर्ध्या ताक्याचे तुकडे केले, आणि उरलेल्याची, एवढं छान कापड सगळं मातीत घालायचं म्हणजे काय, म्हणून एक चादर शिवली. त्या चादरीवर ती शेवटचे तीन महिने होती. पांढरी, जाड, पाठीला बोचत नाही म्हणायची. तुकडे मागच्या वर्षी संपले. म्हणजे त्या कापडाचं जे काही या जगात उरलं होतं ते खालच्या खणात, घडी करून, प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला दोन गाठी मारून.

यंदा कापड हवं होतं तेव्हा तो त्या खणासमोर बसला होता. किती वेळ ते आठवत नाही. मग उठला, वरच्या खणातून पाहुण्यांच्या उशांचे अभ्रे काढले आणि ते कापले. पांढरे होते. जाड होते. तोच रंग, तेच दिसणं. त्यात काय एवढं...

पाच वाजता तो घरी आला. दार उघडलं, दिवा लावला नाही. तिची चप्पल दाराआड होती, ती त्याने पायाने जरा आत सरकवली, रोज सरकवायचा. मग मोरीत बसून, नळ बारीक सोडून, त्याने कापडं धुवायला घेतली. कशासाठी, ते स्वतःला सांगितलं नाही. कापडं धुऊन वाळवून वजन करायचं असतं, एवढंच.

एक नंबर. चिखल गेला, खाली पांढरं, जाड, तसंच. दोन, तीन, चार. दिरांच्या शेतातली चारही हाताला भरीव लागत होती, नव्या रुमालासारखी. मग पाच. पाच हातात घेतलं तर हलकं. त्याने ते पिळलं, झटकलं, आणि खिडकीकडे धरलं.

संध्याकाळचा उजेड कापडातून सरळ आत आला.

सहा धुतलं. सात धुतलं. आठ. चारही तशीच. चौकोन अख्खा, कडा अख्ख्या, आणि मधलं सगळं जाळीसारखं, इतकं विरळ की पलीकडची खिडकीची कडी स्पष्ट दिसत होती. लांबून पाहिलं तर कापड. चिखलात पाहिलं तर कापड. उजेडात पाहिलं तर अर्धे धागे नव्हतेच. ताईंच्या मातीने जे खाण्यासारखं होतं ते शेवटच्या कणापर्यंत खाल्लं होतं, आणि जे खाता येत नाही ते तेवढं सोडून दिलं होतं, ताटात खडे बाजूला काढावेत तसं.

तो उठला. गुडघे वाजले. गॅसच्या शेगडीजवळ काडेपेटी होती. सातव्या कापडाच्या कडेचा एक धागा त्याने ओढून काढला, चिमट्यात धरला, काडी लावली. सूत जळतं तेव्हा कागदासारखं जळतं, राख होते, फुंकर मारली की उडते. हा धागा आक्रसला, वितळला, आणि टोकाला एक काळा मणी झाला. त्याने तो बोटांनी दाबला. टणक. गरम.

हीच ती दुसरी गोष्ट. दर वर्षी कात्री लावण्याआधी ती एक धागा जाळायची. ताका स्वतः आणलेला, दुकानदार ओळखीचा, तरी जाळायची. तो चिडवायचा, अगं तोच ताका आहे, रात्रीत बदलला का? आणि ती म्हणायची, अहो, बाकीच्यांचे नवरे टिकेल असं कापड शोधतात, माझ्या नवऱ्याला कुजेल असं हवं, मग नीट बघून द्यायला नको? आणि ते अभ्रे... अभ्रे तिने स्वतःच पाहुण्यांच्या खणात टाकले होते. मिश्र आहे, अर्धं पॉलिएस्टर, म्हणाली होती, घाम टिपत नाही, आपल्याला नको, पाहुणे काय एक रात्र झोपतात. हे वाक्य त्याला आत्ता आठवलं असं त्याला म्हणायचं होतं. त्याने तसं म्हणून पाहिलं. आत्ता आठवलं. मोरीतला नळ टपटपत होता. नाही. कात्री लावताना पहिल्याच कापात आठवलं होतं. कात्री सुतात जाते तेव्हा करकर वाजते. ही गुळगुळीत गेली होती. आणि मी कापत राहिलो, आठ तुकडे, एकानंतर एक, आणि धागा जाळला नाही, कारण जाळला असता तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर मग खालचा खण.

आणि साठ दिवस मी बांधाबांधांवर फिरत होतो आणि आत कुठेतरी मला ठाऊक होतं की त्या दोघांच्या शेतात आठ तुकडे आहेत जे कुजणार नाहीत. जमिनीत आहेत, आणि तसेच आहेत. मला ते बरं वाटत होतं. त्यावर मी झोपत होतो.

फोन ओट्यावर होता. ताईंचा नंबर लावायला त्याला वेळ लागला, बोटं ओली होती. तिकडे घंटी वाजत राहिली, मग उचलला, मागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी पाणी ओतत होतं.

"ताई, कापड चुकीचं होतं," तो म्हणाला. "माती नाही. तुमची माती चांगली आहे."

मग त्याने सगळं सांगितलं, जाळी, मणी, अभ्रे, दिरांची चार आणि त्यांची चार. घाईघाईने सांगितलं, शाळेतल्या मुलासारखं. भांड्यांचा आवाज थांबला होता; ताई बहुतेक बाहेर आल्या होत्या.

"तुम्हाला कधी कळलं, काका?"

आत्ता, असं म्हणता आलं असतं. हातात अजून चिमटा होता, पुरावा होता, आत्ता हे अगदी खोटंही नव्हतं.

"कापताना," तो म्हणाला.

तीन वर्षं. मुठीएवढे गड्डे, ओट्यावर ठेवलेला तो एक मोठा गड्डा, टोपल्यांनी वाहिलेलं शेणखत, दोन पिकांमध्ये पेरलेला आणि तसाच गाडलेला हिरवा पाला, लोकांची बोलणी... ते सगळं ताईंच्या पुढच्या प्रश्नात होतं, किंवा त्याला तसं वाटलं.

"घरात सुती नव्हतं?"

"होतं."

ताई दोनदा आल्या होत्या तिला बघायला. पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, चादरीवरून हात फिरवत, किती जाड आहे हो, असं म्हणाल्या होत्या. आता त्यांना ते आठवलं का, कुणास ठाऊक.

"हे मला सांगून काय होणार?" त्या म्हणाल्या. रागाने नाही, दमलेल्या माणसाचा आवाज होता. "भाऊजी जाळीबिळी मानायचे नाहीत. म्हणतील वहिनीने रडून मातीवाल्यांना फिरवलं. गाडी साडेसहाला येते."

आणि फोन ठेवला.

तो स्वयंपाकघरात उभा राहिला. बाहेर उजेड उतरत चालला होता. सकाळी साडेसहाच्या आधी तिथे पोचायचं. दिरांसमोर उभं राहायचं, तेच बोलायचं जे आत्ता बोललो, ते उजेडात बोलायचं, त्यांच्या डोळ्यांत बघून. बारा वर्षं ज्या वाक्यावर लोकांनी विश्वास ठेवला ते वाक्य परत घ्यायचं. कापड खोटं बोलत नाही, पण कापणारा बोलतो. हे एका बांधावर बोललं की दहा बांधांवर जाईल. जाऊ दे. आणि दीर विचारतील, मग आता काय? तर सांगायचं की आणखी साठ दिवस द्या, खऱ्या कापडाला. पहिली दोन वर्षं जे पुरलं त्याच कापडाला, नाहीतर तुलना कशाशी करायची, बाजारातून दुसरं आणलं तर ते म्हणतील मातीवाल्यांनी आता पातळ आणलं. म्हणतीलच. मीही म्हटलं असतं. रिकाम्या हातांनी जाऊन उपयोग नाही, आठ तुकडे हातात हवेत.

त्याने खालचा खण ओढला. पिशवी बाहेर काढून मांडीवर घेतली. गाठी घट्ट होत्या, त्यानेच मारलेल्या, दातांनी सोडवल्या.

आठ महिन्यांत त्याने ती एकदाही उघडली नव्हती. उघडली की वास जाईल म्हणून. तिचा वास, तेलाचा, औषधाचा, तिच्या मानेजवळचा, तो तसाच आत राहावा म्हणून गाठ मारली होती, हवा लागू नये म्हणून. हवा लागू नये म्हणून... शेणखताचा खड्डा शिकवताना तो पहिल्यांदा हेच शिकवायचा, ओरडून, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं — हवा असली की कुजतं, त्याची माती होते. हवा कोंडली की नुसतं सडतं.

पिशवीचं तोंड मोकळं झालं आणि वास आला. बुरशीचा. कोंदट, आंबूस, बंद कपाटाचा, पावसाळ्यात भिजून राहिलेल्या पायमोज्याचा. त्यात ती नव्हती. त्याने चेहरा आत घातला, पुन्हा घातला, डोळे मिटून शोधलं, कुठेतरी एखाद्या घडीत, शिवणीत... नव्हती. चादर उलगडली तर घडीच्या रेषांवर काळे ठिपके पडले होते, राईएवढे, शेकडो.

तो रडला नाही. त्याला वाटलं होतं रडू येईल. तो चादर घेऊन खिडकीशी गेला, दोन्ही दारं उघडली आणि ती गजांवर पसरली. वारा फार नव्हता. कापड जाड होतं, हललं नाही. तिच्या शिवणाच्या डब्यातून त्याने कात्री आणली, लाल नायलॉनचं रीळ आणलं, काटा आणून ओट्यावर ठेवला, साखरेची वाटी काढून पुसली. काडेपेटी तिथेच होती. चादरीच्या कडेचा एक धागा ओढला, चिमट्यात धरून जाळला. राख झाली. फुंकर मारण्याआधीच ती उडाली.

आता कुठून कापायचं? कडेने घेतलं तर चादर चादरच राहील, जरा आखूड. मधून घेतलं, जिथे तिची पाठ असायची, तर ठिपके कमी आहेत, कापड स्वच्छ आहे, तुकडे नीट पडतील. काम म्हणून पाहिलं तर मधूनच घ्यायला हवं. ती असती तर म्हणाली असती, अहो, मधून घ्या, कडा शिवणीच्या आहेत, वजन चुकेल.

त्याने कात्री उघडली आणि तशीच धरून राहिला. उद्या दीर हो म्हणाले तर हे तुकडे ताईंच्या त्या काळ्या, मोकळ्या मातीत जातील, आणि ती माती काहीही सोडणार नाही. साठ दिवसांनी नुसते लाल आकडे निघतील. निघायला हवेत. बांधावर उभं राहून, फावडं वर येताना, काही उरलेलं नसावं असं मला मनापासून वाटायला हवं, ताईंसाठी, आणि... वाटायला हवं. त्याने स्वतःला विचारून पाहिलं, वाटतं का. खिडकीतून आत आलेल्या हवेने काटा जरासा हलला, शून्यावरून सरकला, पुन्हा शून्यावर आला.

अजून वाटत नव्हतं. पण कापड पुरताना मुठीतली माती या वेळी दाबून बघायची नाही, एवढं त्याने ठरवलं, आणि कात्रीचं एक पातं चादरीखाली सरकवून तो उजेड पुरेल का ते बघत उभा राहिला.